बेचाळीस फ्लॉप्या आणि एक शिक्का

लिहिलेल्या मजकुराचा फोटो काढायचा आणि तो फोटो मजकूर म्हणून लोकांच्या गळ्यात मारायचा, हा उद्योग करणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. पण त्यांचे आद्यपुरुष म्हणजे आमचे साहेब. आणि साहेबांच्या वतीने प्रत्यक्ष बटणं दाबणारा मी. तेव्हा आज जी टिंगल करणार आहे तिच्यात माझाही वाटा राखून ठेवलाय, काळजी नसावी.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. भिवंडीच्या नारपोलीत एका कापडाच्या गोदामाच्या वर आमची एक खोली होती. खोलीत एक कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट, दोन टेबलं आणि बाहेर कंपनी असल्याची पाटी. कंपनी एका शेठची. शेठ खाडीकडचे, अंजूरला जमीन, तिच्यावर गोदामं उठलेली. आम्ही एक पेटी विकत होतो. पॉवरलूमवर ताण्याचा, म्हणजे उभा, दोरा तुटला तर लूम आपली खडाखड चालतच राहते आणि कापडात चिरा पडतात. ही पेटी बसवली की दोरा तुटताक्षणी लूम थांबते. पेटी बनून यायची दुसरीकडून. ती बसवायची कशी, कुठली तार कुठे जोडायची, हे लिहून काढायचं काम माझं. 'माझं काम लिहिण्याचं आहे' असं मी तेव्हा गावभर सांगत फिरत असे, आणि लोकांना वाटे हा पेपरात आहे. मी त्यांचा गैरसमज दूर करत नसे.

खोलीचे कारभारी म्हणजे साहेब. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, माझ्या वडिलांचे स्नेही. घरी ते काका. पण जिना चढून वर आलं की साहेब. एकदा मी चुकून वर 'काका' म्हणालो तर मी 'साहेब' म्हणेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्याकडे शाईचा पॅड आणि कंपनीचा गोल शिक्का होता. शेठनी त्यांना कॉम्प्युटर दिला, टेबल दिलं, पंखा दिला. पण साहेब खोलीत आले की आधी त्या शिक्क्याकडे पाहत, मूल झोपलंय का बघावं तसं.

आता माझा पेच सांगतो, कारण पुढचा सगळा तमाशा त्याच्यावर उभा आहे. वडील शाळामास्तर. त्यांच्या आग्रहाखातर मी कधीकाळी कारकुनाची परीक्षा दिली होती आणि माझ्या दुर्दैवाने पास झालो होतो. नेमणुकीचं पत्र घरी येऊन पडलं होतं. महिनाअखेर हजर व्हायचं, नाहीतर नाव रद्द. मी वडिलांना म्हटलं, "मी कारकुनी करणार नाही. आमची पेटी खपली की कंपनी उभी राहील."

वडील म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत खपव. नाही खपली तर एकतीस तारखेला सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा. बोलायचं नाही."

"कबूल," म्हटलं. मला वाटलं जिंकलोच.

कारण गिऱ्हाईक हातात होतं. नारपोलीतच एक हाजीसाहेब होते, चाळीस लूमचे मालक. ते चाळीसही लूमना पेटी लावायला तयार होते. अट एकच. त्यांच्या कारखान्यातल्या जॉबरने, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने, नुसती माहिती वाचून एक पेटी बसवून दाखवायची. आमच्या माणसाने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. "आज तुम खडे होके सिखाओगे. कल खराब हुआ तो तुमको कहाँ ढूँढूँ?" असं त्यांचं म्हणणं. आणि माहिती कागदावर चालणार नाही, कॉम्प्युटरवर हवी. त्याचं कारण असं की हाजीसाहेबांनी हौसेने कॉम्प्युटर घेतला होता आणि तो वर्षभर प्लास्टिकच्या टोपीखाली अंग चोरून बसला होता. त्याला काहीतरी काम मिळालं पाहिजे होतं. त्याच्यासाठी आमचं तंत्रज्ञान!

शेठना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा. झाला त झाला. न्हाय झाला त खोली रिकामी करा. मना गोदामवाला कवाचा इचारतंय."

तर मी लिहायला बसलो. भिवंडीतल्या जॉबरला समजेल अशा सरळ हिंदीत, एका पडद्यावर मावेल तेवढं एक पान, अशी बेचाळीस पानं. नुसती अक्षरं, ना चौकट ना चित्र. सगळा मजकूर एका फ्लॉपीच्या कोपऱ्यात बसला आणि बाकी फ्लॉपी ओस पडली. प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीत, उजवीकडे, मी 'पन्ना समाप्त' असं लिहीत असे. का, ते विचारू नका. पंचवीस-सव्विसाव्या वर्षी माणसाला असलं काहीतरी भारदस्त वाटतं.

चाचणीआधी एकदा ती फ्लॉपी हाजीसाहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिली. त्यात देवनागरीचा फॉन्टच नव्हता! पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेली अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं आणि पौंडाच्या खुणा यांची अशी काही जत्रा भरली की हाजीसाहेब चष्मा पुसून म्हणाले, "ये कौन सी ज़बान है भाई? अंग्रेज़ों को भी नहीं समझेगी."

फॉन्ट बसवला की प्रश्न मिटतो, हे मला माहीत होतं. मी तो घेऊन पुन्हा गेलोही. पण हाजीसाहेब त्या यंत्रात काही घालू देईनात. विकणाऱ्याने त्यांना बजावलं होतं म्हणे, आत काही नवीन घातलं की बिघडतो. वर्षभर टोपीखाली ठेवलेल्या वस्तूला आणखी काय बिघडायचं होतं! पण हाजीसाहेब ठाम.

परत येऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले. कचेरीत ही त्यांची विचार करायची पद्धत होती. समोरचा अर्जदार कंटाळून निघून जाईपर्यंत मिटून बसत. मी कुठे जाणार? शेवटी उघडले आणि म्हणाले, "फोटो काढ."

"कशाचा?"

"प्रत्येक पानाचा. पडद्यावर दिसतं ना? मग त्याचा फोटो निघतो का नाही?"

निघत होता. एक बटण दाबायचं, चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये जाऊन चिकटवायचं, जतन करायचं. मग फॉन्ट नसला तरी अक्षरं दिसणार, कारण ती अक्षरं उरलेलीच नाहीत, अक्षरांच्या आकाराचे ठिपके झाले. आता कबूल करतो, कल्पना चांगली होती. मला ती सुचली नव्हती आणि एका हेडक्लार्कला सुचली, याचा मला इतका राग आला की त्या दिवशी मी चहा घेतला नाही.

साहेब एवढ्यावर थांबते तर ही गोष्टच झाली नसती. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आणि फोटो केला म्हणजे कोणी आत फेरफार करू शकत नाही! तुझी ती अक्षरं काय, कोणीही यावं आणि एक ओळ घुसडावी. फोटोत घुसडता येत नाही. मग आता याला शिक्का पाहिजे."

"कॉम्प्युटरला शिक्का?"

"प्रत्येक फोटोला. नाहीतर अधिकृत कसा?"

लूमच्या तारा जोडायची माहिती कोणी रात्रंदिवस टपून बसून बदलणार होतं, अशी त्यांची खात्री होती. मी वाद घातला नाही. मी मनातल्या मनात हसत होतो आणि तेवढं मला पुरत होतं. हीच माझी तेव्हाची मोठी खोड. समोरचा मूर्खपणा करत असला की मला तो अडवायचा नसे, पाहायचा असे.

एसटी स्टँडजवळ लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे स्कॅनर होता. साहेबांनी स्वतः पांढऱ्या कागदावर अकरा वेळा शिक्का मारून पाहिला, त्यातला एक निवडला, आणि तो कागद दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून आम्ही घेऊन गेलो. छापणाऱ्याने शिक्क्याचं चित्र करून दिलं. जांभळं वर्तुळ, भोवती पांढरा चौकोन.

मी म्हटलं, "साहेब, काळ्या-पांढऱ्यात ठेवू या. सगळी पानं दोन फ्लॉप्यांत बसतील."

साहेब माझ्याकडे कीव येऊन पाहत म्हणाले, "काळा शिक्का म्हणजे झेरॉक्स. झेरॉक्सला कोण विचारतो? शिक्का जांभळाच दिसला पाहिजे."

थोड्या रंगांत जतन केलं तर जांभळ्याचे ठिपके पडून शिक्का गोवर आल्यासारखा दिसे. साहेबांना ते सहन होईना. मग सगळ्यात जास्त रंग घेतले. काळी अक्षरं, पांढरी जागा, एक जांभळं वर्तुळ, आणि त्याच्यासाठी लाखो रंगांची सोय. एकेक पान इतकं फुगलं की एका फ्लॉपीत एकच मावेना. दुसरं घालायला गेलं की यंत्र हात वर करी. एका फ्लॉपीच्या कोपऱ्यात बसणारी माहिती बेचाळीस फ्लॉप्यांवर गेली. बेचाळीस! मी त्या एकावर एक रचल्या तेव्हा साहेबांनी त्या ढिगाकडे समाधानाने पाहिलं आणि म्हणाले, "आता काम केल्यासारखं दिसतंय."

शिक्का कुठे मारायचा याचाही नियम होता. ओळखपत्रावर फोटो चिकटवतात तेव्हा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर येतो, म्हणजे फोटो उपटून दुसरा लावता येत नाही. तसा इथेही शिक्का मोकळ्या जागेत नको, अक्षरांवर चढलेला हवा, असं साहेबांचं फर्मान. खाली, उजवीकडे, शेवटच्या ओळीवर.

चित्राच्या त्या प्रोग्राममध्ये एक छोटं बटण असतं. ते दाबलं की चिकटवलेल्या चित्राचा पांढरा भाग पारदर्शक होतो आणि खालचं दिसतं. नाही दाबलं तर शिक्का आपल्या पांढऱ्या चौकोनासकट बसतो आणि खालची ओळ गडप. ते बटण मला माहीत होतं. मी दाबलं नाही. शेवटच्या ओळीत 'पन्ना समाप्त' याखेरीज काय होतं? गेलं तर गेलं. आणि हा जांभळा ठोकळा असा ओबडधोबड बसलेला पाहून हाजीसाहेब काय तोंड करतील, याची मला भारी उत्सुकता होती.

बेचाळीस वेळा एक बटण, चिकटव, शिक्का, जतन. पहिल्या पाच-सात पानांनंतर मी वाचायचं सोडलं. माझीच वाक्यं माझ्यासमोरून जात होती आणि मी त्यांच्याकडे भिंतीच्या रंगाकडे पाहावं तसं पाहत होतो.

शेवटी साहेबांनी मूळ मजकुराची एक प्रत छापून घेतली, तिच्यावर खराखुरा शिक्का मारून ती लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली सफारीच्या आतल्या खिशात टाकली. "आता कॉम्प्युटरमधली आणि त्या पहिल्या फ्लॉपीवरची अक्षरं पुसून टाक. फेरफाराला वावच नको." मी पुसली. उत्साहाने पुसली!

चाचणी शुक्रवारी ठेवली, लूमना सुट्टी म्हणून. एरवी त्या कारखान्यात शेजारच्याचं बोलणंही ओरडून ऐकावं लागतं; त्या दिवशी चाळीस लूम गप्प उभ्या होत्या आणि आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटत होता. बेचाळीस फ्लॉप्या मी मिठाईच्या पिवळ्या खोक्यातून नेल्या होत्या. हाजीसाहेबांनी आधी झाकण उघडून पाहिलं आणि ते खट्टू झाले.

जॉबर म्हणजे एक साठीकडे झुकलेले चाचा. उत्तरेकडून तरुणपणी आलेले, हिंदी सावकाश पण नीट वाचणारे. ते कोपऱ्यातल्या ऑफिसात येत, मी फ्लॉपी घाली, यंत्र घरघर करी, पान वरून खाली एकेक पट्टी करत उलगडे. चाचा बोट ठेवून वाचत, दोनदा वाचत, मग उठून कारखान्याच्या दुसऱ्या टोकाच्या लूमपाशी जात, तेवढं करून परत येत. पुढची फ्लॉपी. एका पानामागे एक फेरी. दहाव्या फ्लॉपीला हाजीसाहेब म्हणाले, "चाचा, हज हो जाएगा तुम्हारा इधर ही."

"सेठ, थैली सिलवा दो, गले में लटका के ले जाता हूँ सब," चाचा म्हणाले आणि पुन्हा निघाले.

पण काम होत होतं. चाचा कुठे अडत नव्हते. अठराव्या पानापर्यंत पेटी बसली, चौकट बसली, लाल, काळी, हिरवी तार जोडून झाली. साहेब माझ्याकडे बघून भुवया उंचावत होते. मलाही वाटू लागलं, झालं. वडिलांना काय आणि कसं सांगायचं, याची मी मनात तालीम सुरू केली.

एकोणिसावं पान उलगडलं. चाचांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग पडद्याला नाक लागेल इतके वाकले.

"यहाँ मोहर लगी है."

"हर पन्ने पे है," हाजीसाहेब म्हणाले.

"हाँ, लेकिन इसके नीचे कुछ लिखा है. ऊपर का आधा हरफ दिख रहा है. ऊपर लिखा है, चौथी तार पीली है. फिर मोहर. पीली का करना क्या है?"

तेव्हा मला आठवलं. त्या एका पानावर मजकूर एका ओळीने जास्त झाला होता, म्हणून 'पन्ना समाप्त' काढून त्याच्याच जागी मीच लिहिलं होतं: उसे कहीं मत जोड़ो. तीच ओळ. विसाव्या पानाची पहिली ओळ होती: अब स्विच चालू करो. पिवळी कुठे जोडून ते केलं तर जोडणाऱ्याचा हातच गेला.

बोलायची बंदी. मी काय केलं ते सांगतो, हसू नका. मिठाईच्या खोक्याचं पिवळं झाकण उचललं, चाचांकडे पाहत ते टेबलाच्या पार कडेला नेऊन ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. पुन्हा उचललं, पुन्हा लांब ठेवलं, पुन्हा पाठ. आयुष्यात इतक्या तळमळीने मी कधी अभिनय केला नाही.

हाजीसाहेब म्हणाले, "इसको क्या हो गया? डिब्बे से रूठा है?"

चाचा मात्र माझ्याकडे शांतपणे पाहत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी मान हलवली आणि मालकाकडे वळले. "सेठ, लड़का बता रहा है पीली को छोड़ दो. ठीक ही बता रहा होगा. लेकिन ये लिखा हुआ नहीं है, इशारा है. अगले हफ़्ते दूसरी लूम पे मैं नहीं, दूसरा मिस्त्री खड़ा होगा. हाथ उसका जाएगा. वो डिब्बा कहाँ से लाएगा?"

मग ते साहेबांकडे वळले. "साहब, मोहर आपकी है ना? तो पीली तार आप जोड़ो. मैं दूर खड़ा रहता हूँ."

साहेबांनी दोन्ही हात सफारीच्या खिशात घातले.

अजूनही सगळं गेलं नव्हतं. आमची खोली तिथून चालत पाच मिनिटांवर. मी अट मोडून बोललोच, "हाजीसाब, मूळ कागद ऑफिसात आहे. आत्ता आणतो. साहेब, किल्ली द्या."

हाजीसाहेब बरे माणूस होते. ते म्हणाले, "ले आओ. अब देख ही लेते हैं."

आणि साहेब, छातीवरच्या खिशावर हात दाबून, अगदी सहज, तीस वर्षं खिडकीतून जे वाक्य बोलले असतील ते बोलले. "मूळ प्रत कार्यालयाबाहेर जात नाही. नक्कल हवी तर अर्ज करावा लागेल."

मला अजून वाटतं, त्यांना ते बोलायचं नव्हतं. त्यांच्या तोंडातून ते आपोआप आलं, शिंक यावी तसं. पण एकदा बोलल्यावर ते मागे घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी हात पुढे करून उभा, आणि ते खिडकी शोधत होते, बाहेर पाहायला. त्या ऑफिसला खिडकी नव्हती.

हाजीसाहेब सावकाश म्हणाले, "मतलब, असली चीज़ अलमारी में है. और मेरे पास उसका फोटू. और फोटू पे मोहर, कि फोटू असली है. और जो पढ़ना है वो मोहर के नीचे." ते उठले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर पुन्हा प्लास्टिकची टोपी घातली. "डिब्बा ले जाओ भाई. दोनों डिब्बे ले जाओ, ये भी और लूम वाला भी."

चाचांनी तोवर जाऊन लाल, काळी, हिरवी तार सोडवलीही होती. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिखा अच्छा था बेटा. ढका क्यों?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. शिक्का मारा म्हणणारे साहेब होते. पण ते छोटं बटण न दाबणारा मी होतो, आणि का दाबलं नाही, तर मजा बघायला.

शेठनी आठवड्यात खोली रिकामी करून घेतली. म्हणाले, "मना ठाव व्हता." गोदामवाल्याने आमची पाटी तशीच ठेवून तिच्यावर आपलं नाव रंगवलं. साहेबांनी शिक्का आणि पॅड घरी नेला. कंपनी संपली तरी शिक्का चालू असतो, असं काहीसं ते वडिलांना सांगत होते, आणि घरात असल्यामुळे मी त्यांना पुन्हा काका म्हणत होतो.

एकतीस तारखेला सकाळी वडिलांनी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवला होता. मी घातला. ठरल्याप्रमाणे बोललो नाही. वडील दारापर्यंत माझ्यामागून चालत आले.

कचेरीत मला दिलेलं पहिलं काम म्हणजे अर्जांवर चिकटवलेले फोटो साक्षांकनासाठी तयार करून तिथल्या साहेबांपुढे ठेवणं. त्या साहेबांचा कंटाळा पाहून थोड्याच दिवसांत शिक्का माझ्याच हातात आला. त्यावर माझी बरीच वर्षं गेली. अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. मी शिक्का उचलायचो, फोटोखालची ओळ वाचायचो, ती झाकू नये म्हणून शिक्का थोडा वर सरकवायचो आणि मारायचो. एवढ्यासाठी रांग खोळंबते म्हणून लोक मला शिव्या घालत. त्यांनी वर काही विचारलं की मी खिडकीबाहेर पाहत असे.